करारावर सही झाल्यानंतर

केनियाचे ज्येष्ठ नेते राइला ओडिंगा उपचारांसाठी केरळमध्ये आलेले असताना ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन पावले. अध्यक्षपदाची निवडणूक ते पाच वेळा लढले, पद एकदाही मिळाले नाही. मध्यस्थी, शांतिरक्षण आणि निवडणूक-निरीक्षणाचे काम करणाऱ्या आपल्या वाचकांना मात्र त्यांचे नाव आठवते ते एका करारामुळे. २८ फेब्रुवारी २००८ रोजी नैरोबीत तत्कालीन अध्यक्ष मवाई किबाकी आणि ओडिंगा यांनी सत्तावाटपाच्या करारावर सह्या केल्या. राजकीय पेचात सापडलेल्या देशाला बाहेरच्या संस्था कशी मदत करू शकतात, हे शिकवताना हाच करार पुढे ठेवला जातो. तो ठेवावाच. अडचण एवढीच, की गोष्ट बहुधा सहीपाशी संपवली जाते, आणि आपल्या कामाचे खरे धडे सहीनंतरच्या वर्षांत आहेत.

२७ डिसेंबर २००७ रोजी मतदान झाले. ३० तारखेला ओडिंगा हरल्याचा निकाल जाहीर झाला आणि त्याच संध्याकाळी किबाकींनी शपथ घेतली. रिफ्ट व्हॅलीत, किसुमूत, नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत कत्तली सुरू झाल्या. पुढे नेमलेल्या वाकी आयोगाने मृतांचा आकडा १,१३३ असा नोंदवला; तीन लाखांहून अधिक लोक घरादाराला मुकले. मोंबासा बंदरातून निघणारा माल अडकल्याने युगांडात इंधनाची टंचाई झाली. ओडिंगांना न्यायालयात जाण्याचा सल्ला मिळाला, त्यांनी तो नाकारला. न्यायाधीश सरकारच्या मुठीत आहेत असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते, आणि देशातल्या अनेकांना ते पटत होते. हरलेल्याला न्यायालयाची पायरी चढावीशी वाटत नाही, तिथेच केनियाच्या दुखण्याचे मूळ होते.

आफ्रिकी संघाने कोफी अन्नान, ग्रासा माशेल आणि बेंजामिन म्कापा यांना पाठवले. जानेवारीच्या अखेरीस आलेल्या अन्नान यांनी एक गोष्ट हट्टाने पाळली: बोलणी एकाच टेबलावर होतील. वॉशिंग्टन, लंडन, ब्रुसेल्स यांनी दबाव जरूर आणावा, पण तो त्या टेबलामागे उभे राहून; वेगळी चूल मांडायची नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस येऊन गेल्या त्याही याच चौकटीत. वाटाघाटी अडल्यावर अन्नान यांनी दोन्ही पथकांना बाजूला ठेवले आणि थेट दोन नेत्यांना समोरासमोर बसवले. सत्ता वाटून घेणारे अध्यक्ष आणि पंतप्रधान एकाच राज्यव्यवस्थेत कसे नांदतात, हे टांझानियाचे अध्यक्ष आणि तेव्हाचे आफ्रिकी संघाचे अध्यक्ष जकाया किकवेते यांनी आपल्या देशाच्या अनुभवातून सांगितले. शेजाऱ्याच्या त्या बोलण्याला दूरच्या तज्ज्ञांच्या टिपणांपेक्षा जास्त वजन आले. बाहेर डेखा इब्राहिम अब्दी, बेथुएल किप्लागट यांच्यासारखे केनियाचेच शांतता-कार्यकर्ते रात्रंदिवस राबत होते. त्यांची नावे अहवालांच्या तळटिपांत राहतात, हे मला अन्यायाचे वाटते.

वाटाघाटींच्या विषयपत्रिकेत चार कलमे होती. पहिली तीन हिंसा, मदतकार्य आणि सत्तावाटपाची. चौथे संविधान, न्यायव्यवस्था, जमीन, विषमता आणि तरुणांच्या बेरोजगारीचे. सत्तावाटपाने वेळ मिळवून दिला. त्या वेळेचे काय करायचे ते चौथ्या कलमात होते. दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायाधीश योहान क्रीगलर यांच्या आयोगाने निर्वाळा दिला की मोजणी इतकी दूषित झाली होती की कोण जिंकले ते सांगताच येणार नाही. जुना निवडणूक आयोग बरखास्त झाला. ऑगस्ट २०१० मध्ये जनतेने नवे संविधान सार्वमताने स्वीकारले. नव्या सर्वोच्च न्यायालयासाठीच्या मुलाखती जाहीरपणे झाल्या. आधीच्या न्यायाधीशांची पडताळणी करणाऱ्या मंडळात अल्बी सॅक्स यांच्यासारखे परदेशी न्यायविद बसले, पण केनियाच्या संसदेने केलेल्या कायद्याखाली. बाहेरच्या मदतीचा इतका योग्य आकार मला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा मार्ग मात्र फसला. मतदानानंतरच्या हिंसेबद्दल उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो या नेत्यांवर चाललेले खटले साक्षीदार फिरल्याने कोसळले, आणि तोवर त्याच दोघांनी हातमिळवणी करून २०१३ ची निवडणूक जिंकली होती. त्या निकालाविरुद्ध ओडिंगा या वेळी न्यायालयात गेले, हरले, आणि त्यांनी निकाल मानला.

यानंतरचा प्रसंग आपल्या निरीक्षक मित्रांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. ८ ऑगस्ट २०१७ च्या मतदानानंतर जॉन केरी यांचे कार्टर सेंटरचे पथक, थाबो म्बेकी यांचे आफ्रिकी संघाचे पथक आणि युरोपीय संघ यांनी प्राथमिक निवेदनांत मतदान आणि केंद्रांवरची मोजणी यांची वाखाणणी केली. निकाल केंद्रांवरून वर कसा पाठवला गेला, एकूण बेरीज कशी झाली, हे तपासणे तेव्हा बाकी होते. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी ती निवडणूक रद्द केली. निवडणूक आयोगाने सर्व्हर उघडून दाखवण्याचा आदेश पुरता पाळला नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार घातला, पोलिसी गोळीबारात माणसे मेली. तेव्हा याला गोड शेवट म्हणता येणार नाही. तरीही नऊ वर्षांपूर्वी ज्या व्यवस्थेवर कुणाचा विश्वास नव्हता, तिने देशी सत्ताधाऱ्यांना आणि परदेशी पाहुण्यांना एकाच दिवशी चूक ठरवले. बाहेरच्या संस्थांना हा पराभव वाटला असेल. मी तो २००८ च्या मध्यस्थीचा सर्वांत मोठा विजय मानतो. २०२२ मध्ये सातपैकी चार निवडणूक आयुक्तांनी निकालापासून अंग काढून घेतले, तेव्हाही भांडण न्यायालयातच गेले.

चौथ्या कलमातला बेरोजगारीचा भाग मात्र कागदावर राहिला. जून २०२४ मध्ये करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, २५ तारखेला संसदेत घुसले, गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रुटो यांनी विधेयक मागे घेतले. हेच रुटो २००८ मध्ये ओडिंगांच्या पथकातून वाटाघाटींना बसले होते. महसूल वाढवण्याचा आग्रह आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्ज-कार्यक्रमातून येत होता. एक बाहेरची संस्था समझोता घडवते आणि दुसरी त्याच समाजाच्या सर्वांत दुखऱ्या जागी भार टाकते, हे आपण दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानत आलो आहोत. हे आता थांबले पाहिजे.

म्हणून दोन मागण्या. निरीक्षक पथकांनी शेवटच्या बेरजेचे कागद पडताळून होईपर्यंत देश सोडू नये, आणि त्याआधी निवडणुकीला प्रशस्तिपत्र देऊ नये. आणि शांतता-करारावर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयात देशाच्या कर्जाच्या अटी वाचणारा अर्थतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून असावा. त्याचा पगार त्या अटी घालणाऱ्यांनी द्यावा.