जुनी होडी आणि नवे दर्यावर्दी

पस्तीस-चाळीस वर्षं मुंबईत लोकलला लोंबकळून मालवणला परतलेला माणूस पहिल्या महिन्यात घराला रंग काढतो, दुसऱ्या महिन्यात माडांना आळी करतो आणि तिसऱ्या महिन्यात होडी शोधायला लागतो. जुनीच शोधतो, कारण नवीचा भाव ऐकून त्याला पेन्शनचा आकडा आठवतो. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. माणसानं होडी घ्यावी, जुनी घ्यावी, संध्याकाळी खाडीत गरवायला बसावं. त्यानं रक्तदाब उतरतो आणि घरातली माणसंही दोन तास सुखी होतात. माझी तक्रार ही मंडळी होडी ज्या पद्धतीनं निवडतात तिच्याबद्दल आहे.

आमचे मेव्हणेच घ्या. गेल्या वर्षी ते मला बरोबर घेऊन किनाऱ्यावर हिंडले. ‘ही बघा, काय निळाशार रंग आहे!’ ‘ही बघा, हिला केवढं इंजिन आहे!’ ‘हिच्यावर सावलीला छप्पर आहे, तुमच्या बहिणीला बसता येईल.’ मी विचारलं, ‘भावजी, मासा कुठला धरणार?’ ते म्हणाले, ‘ते मग बघू. आधी होडी तर होऊ दे!’

हा उलटा कारभारच मला मान्य नाही. आधी मासा ठरतो, मग त्याचं पाणी, मग गरी आणि सगळ्यांत शेवटी होडी. आमचा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. तिकडे क्रॅपी नावाचा ओंजळीत मावणारा एक मासा तळ्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत लपून बसतो. त्याच्यासाठी तिकडचे लोक सपाट बुडाची, अ‍ॅल्युमिनियमची छोटी होडी जुन्या बाजारात धुंडाळतात. ती फांद्यांपर्यंत अलगद जाते आणि तिथं निमूट उभी राहते. म्हणजे ज्या देशात माणूस कोपऱ्यावरची भाजी आणायला मोटार काढतो, त्या देशातही माशापुरतीच होडी घेतात. आणि आमचे भावजी काळुंदर धरायला आगबोट शोधताहेत!

कारण आमचा क्रॅपी म्हणजे काळुंदर. केरळवाल्यांनी याच माशाला, त्यांच्या करीमीनला, २०१० साली राज्याचा मासा केलं. आम्ही त्याला तव्यावर ठेवण्यापलीकडे कुठलाही मान दिलेला नाही. हा मासा कांदळवनाच्या मुळांशी, धक्क्याच्या खांबांशी, दगडांच्या बेचक्यांत असतो. तोंड इवलंसं, मोठी गरी टाकलीत तर तो तिच्यावरचं सुंगट शिस्तीत खाऊन निघून जातो. त्याच्यासाठी कोळंबच्या खाडीत किंवा कर्लीच्या आतल्या अंगाला वल्ह्यानं जाणारी, सुकतीच्या वेळीही चिखलात न रुतणारी, हलक्या बुडाची होडी लागते. चाळीस घोड्यांचं इंजिन तिथं घेऊन जाणं म्हणजे देवळात बँड लावून जप करण्यापैकी आहे.

आता जुनी होडी बघायची कशी? आमच्या वाडीतल्या आबांनी सारा जन्म दर्यात काढला. त्यांना भावजींनी विचारलं, ‘आबा, कुठली घेऊ?’ आबा म्हणाले, ‘होडयेक इचारा, माका कित्याक इचारतास?’ भावजींना हा टोला वाटला. मला तो सबंध शास्त्राचा सारांश वाटतो.

होडीला विचारायचं ते बोटाच्या पेरानं. तळापासून नाळेपर्यंत हातभर अंतरानं टकटक करत जा. टणक आवाज आला तर लाकूड जिवंत आहे, भद्द आवाज आला तर रंगाच्या आत भुसा आहे. खिळ्यांभोवती तांबूस ओघळ दिसला तर खिळे लोखंडी आहेत आणि गंजायला लागलेत; तांब्याचे असते तर तसे रडले नसते. खाऱ्या पाण्यातली अळी लाकडात बारीक भोकातून शिरते आणि आत बोगदे खणते, तेव्हा बुडाला टाचणीएवढी भोकं दिसली तर ‘किरकोळ आहेत’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि होडी मे महिन्यात, ती पाण्यात असताना बघा. १ जूनपासून यांत्रिकी नौकांना समुद्रात बंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात, झावळ्यांखाली झाकल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला नवा रंग लावून नवरीसारख्या बाहेर येतात. त्या वेळी तिचं वय फक्त तिला आणि मालकाला माहीत असतं.

पाण्यात टाकल्यावर ती गळणारच. लाकूड सुकलेलं असतं; ते पाणी पिऊन फुगलं की फळ्यांचे जोड बसतात. आबांचा नियम सोपा आहे : ‘पयल्या दिसाक पाणी इला तर येवंदे. तिसऱ्या दिसाकव इला, तर पाय धुवन घराक जावा.’

फायबरची असेल तर मागची फळी बघा, जिच्यावर इंजिन टांगतात ती. वरून फायबर चकचकीत, आत प्लायवूड भिजून लापशी. इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवा. फळीही मान डोलावायला लागली तर तुम्ही मान हलवून नाही म्हणा. इंजिनाला तर सुरू करण्याआधीच हात लावावा. ते गरम लागलं, तर तुम्ही येण्याआधी मालकानं अर्धा तास त्याची मनधरणी केली आहे असं समजा. थंडीतलं इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात बोललं पाहिजे, बाजूच्या भोकातून पाण्याची धार सुटली पाहिजे आणि खालच्या गियरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसता कामा नये. दिसलं, तर आत खारं पाणी गेलंय. आणि कागद! नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, हे रंग बघायच्या आधी बघा. ‘कागद चुलत्याकडे आहेत, चुलता मुंबईक आसा’ हे वाक्य ऐकलं की चहा अर्धा ठेवून उठावं.

जुन्या सामानाचंही तेच. जुनं रीळ घ्या, पण कानाशी धरून फिरवा, वाळू बोलते. काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा ओढा. तंतू अडकला की तिथं चीर आहे आणि ती तुमची तंगूस कापणार आहे. जुनी तंगूस मात्र फुकट दिली तरी नको. उन्हात वाळलेलं नायलॉन दिसतं धडधाकट आणि तांबोशी लागली की तुटतं. खरं म्हणजे काळुंदरासाठी चिव्याची काठी, बारीक तंगूस, लहान गरी आणि शिश्याचा एक दाणा एवढ्यात भागतं. भावजींनी मात्र तीन मजली पेटी बघून ठेवली आहे. तिच्यात रबराचे जांभळे बेडूक आहेत. कोळंबच्या खाडीत जांभळा बेडूक मी तरी पाहिलेला नाही.

इथपर्यंत हसून सोडता येतं. पण रंग आणि इंजिन बघून होडी घेतली की माणूस खाडीत राहत नाही. इतकं मोठं इंजिन घेतलंय, ते काय मुळांशी उभं करायचं? मग तो देवबागच्या संगमाकडे तोंड वळवतो. तिथं कर्ली समुद्राला मिळते, वाळूचे दांडे जागा बदलतात, आणि उधाणाची सुकती व समोरून येणारी लाट एकमेकींना भिडल्या की जन्मभराचे दर्यावर्दीसुद्धा हातातली विडी टाकून सुकाणू धरतात. भावजींना पोहता येतं ते दादरच्या तलावातलं. होडीनं माणसाला त्याच्या अकलेपेक्षा लांब नेता कामा नये, एवढीच माझी अट आहे. म्हणून सगळं जुनं घ्या, पण जीवरक्षक जाकीट कोरं घ्या. बाकी सगळ्यात घासाघीस करा, त्यात करू नका.

आणि एक. काळुंदराची जोडी, नर नि मादी दोघंही, अंडी चिकटवून त्यांची राखण करत बसतात. अशी जोडी दिसली तर गरी दुसरीकडे टाका. पुतण्याच्या टेक्सासमध्ये बहुतेक तळ्यांत दिवसाला २५ क्रॅपी आणि दहा इंचांहून लहान असेल तर परत पाण्यात, असा कायदा आहे. आपल्याला कायदा कशाला हवा? कालवणाला चार पुरतात. पाचवा उद्याचा.

भावजी अजून त्या निळ्या होडीपाशीच घुटमळताहेत. मी त्यांना एवढंच सांगितलंय की काळुंदर खालून बघतो. त्याला दिसतं ते बूड.