पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नव्हे



गेल्या खरिपातली गोष्ट. भाताच्या बांधावर एका काकांसोबत पीक पाहणीला उभा होतो. फोटो काढायची वेळ आली आणि फोन बंद! "रात्री लावला होता की चार्जिंगला," काका म्हणाले. लावला होता खरा, पण विजेरीच्या चार्जरला. पावसाळ्यात आपल्या शाहूवाडीकडे विजेचा काय भरवसा? त्या रात्री ती दोनच तास होती. विजेरीचा चार्जर अर्ध्या ॲम्पियरचा, तेवढ्या वेळात फोन कितीसा भरणार?

२०२१ पासून ई-पीक पाहणी आपण स्वतः मोबाईलवर करतो. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे पडतात. म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नका.

पूर्वी नोकियाची जाड पिन वेगळी, बारीक पिन वेगळी. आता बहुतेक फोनना टाईप-सी आली. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना तीच सक्तीची झाली. सोय झाली, पण तोंड एक झाले म्हणून जोर एक झाला नाही. पाइप दोन इंचीच असला तरी अर्ध्या एचपीची आणि पाच एचपीची मोटार सारखे पाणी देते का?

चार्जरवर 'आउटपुट' म्हणून बारीक अक्षरात आकडे असतात, ते बघा. व्होल्ट जुळले पाहिजेत. ॲम्पियर जास्त असले तर चालतंय. फोन हवे तेवढेच घेतो. कमी असले तर फोन रडतखडत भरतो. जलद चार्जिंगची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. फोन आणि चार्जर दोघांना ती कळली तरच जोर वाढतो, नाहीतर साध्या गतीने चालते. काही स्वस्त केबली फक्त वीज नेतात, फोनमधले फोटो संगणकावर नेत नाहीत. आणि नवी विजेरी दोन्हीकडे टाईप-सी असलेल्या केबलीवर भरत नसेल, तर ती बिघडलीच असे समजू नका. जुन्या चपट्या पिनेच्या चार्जरवर लावून बघा.

खरा धोका फवारणी पंपात आहे. गोल पिन बहुतेक पंपांना बसते, पण बॅटऱ्या दोन जातींच्या. जुन्या जड लीड-ॲसिड बॅटरीचा चार्जर १४ व्होल्टच्या वर जातो. तीन सेलच्या हलक्या लिथियम बॅटरीला १२.६ व्होल्टच्या वर नको. शेजाऱ्याचा चार्जर उसना आणून लावला, तर बॅटरी फुगेल, प्रसंगी पेट घेईल. पंपाचा चार्जर पंपालाच ठेवा, त्याला रंगीत दोरा बांधा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती. पीक पाहणीच्या दिवसांत कार्यालयात एक-दोन चांगले चार्जर आणि धड केबली ठेवा. घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. खर्च थोडका, पण वाडीवस्तीवरून आलेल्या माणसाची खेप वाया जाणार नाही.

खत घेताना १०:२६:२६ की १२:३२:१६ हे आपण पोत्यावर वाचतोच की नाही? तसेच चार्जरवरचे आकडेही वाचा. पिन बसली म्हणून लावू नका.