विश्लेषण : प्राप्तिकर विवरणपत्र स्वतः भरावे की पैसे देऊन भरून घ्यावे?

जुलै महिना जवळ आला की नोकरदारांच्या मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश येऊ लागतात. एक असतो ‘काही मिनिटांत रिटर्न भरा’ असे सांगणाऱ्या ॲपचा, तर दुसरा ‘जास्तीत जास्त रिफंड मिळवून देऊ’ म्हणणाऱ्या एजंटचा. काम कोणाकडे सोपवायचे, याचा निर्णय बहुतेक घरांत फी किती आणि रिफंड किती या दोन आकड्यांवर होतो. पण विवरणपत्र ॲपने भरले, सीएने भरले की ओळखीच्या एजंटने, कायद्याच्या नजरेत ते करदात्याचेच असते. नोटीस येते ती त्याच्याच नावाने. म्हणून निवड करताना पाहायचे ते आपल्या उत्पन्नाचे स्वरूप.

पर्याय कोणते आहेत?

पहिला पर्याय प्राप्तिकर विभागाच्या स्वतःच्या ई-फायलिंग पोर्टलचा. तो पूर्णपणे मोफत आहे. दुसरा, खासगी संकेतस्थळे व ॲप यांचा. त्यांपैकी अधिकृत सेवा विभागाकडे ‘ई-रिटर्न इंटरमीडियरी’ म्हणून नोंदणीकृत असतात. तिसरा पर्याय सनदी लेखापाल किंवा कर सल्लागाराचा. चौथा, कसलीही नोंदणी वा पात्रता नसताना कार्यालयातील सहकाऱ्यांच्या ओळखीतून काम मिळवणाऱ्या एजंटचा. पहिल्या तिन्हींची आपापली जागा आहे. चौथ्याची मात्र नाही. का, ते पुढे पाहू.

पोर्टलवर किती माहिती आधीच भरलेली असते?

पूर्वीच्या तुलनेत बरीच. पगार आणि त्यावरील टीडीएस, बँकेतील व्याज, लाभांश असे तपशील पोर्टलवर आपोआप येतात. नोव्हेंबर २०२१ पासून ‘एआयएस’ म्हणजे वार्षिक माहिती विवरणही उपलब्ध आहे. त्यात शेअर व म्युच्युअल फंडांचे व्यवहार, मालमत्तेची खरेदी-विक्री अशा नोंदीही दिसतात. ५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी पगारदार व निवृत्तिवेतनधारकांपैकी बहुतेकांना ‘सहज’ हा आयटीआर-१ अर्ज पुरतो. सूचिबद्ध शेअर व इक्विटी फंडांतील १.२५ लाखांपर्यंतचा दीर्घकालीन भांडवली नफाही करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून याच अर्जात दाखवता येतो.

एका कंपनीतला पगार, बँकेतले व्याज, एखादी मुदत ठेव एवढेच उत्पन्न असेल, तर फॉर्म १६, एआयएस आणि बँकेचे विवरण शेजारी ठेवून आकडे पडताळणे एवढेच काम उरते. त्यासाठी ॲपला किंवा माणसाला पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग सॉफ्टवेअर कुठे कमी पडते?

सॉफ्टवेअर बेरीज-वजाबाकीत चुकत नाही. जे त्याला सांगितले नाही, ते मात्र त्याला ठाऊक नसते. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ‘कलम ८७ अ’च्या सवलतीमुळे कर लागत नाही. ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीमुळे पगारदारासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. यावरून ‘आपल्याला कर नाही’ असे अनेकांनी धरून ठेवले आहे.

समजा, एकाने वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत ६ लाख आणि दुसरीत साडेसात लाख पगार मिळाला. पहिल्या पगाराची माहिती दुसऱ्या कंपनीला दिली नाही, तर दोन्ही ठिकाणी कर शून्य निघतो आणि टीडीएस कापला जात नाही. प्रत्यक्षात एकूण पगार साडेतेरा लाख, वजावटीनंतर १२ लाख ७५ हजार. त्यावर उपकरासह ७४ हजार १०० रुपये कर लागतो, शिवाय व्याज वेगळे. दोन्ही फॉर्म १६ भरले तर कोणतेही सॉफ्टवेअर हा आकडा अचूक दाखवेल. एकच भरला तर ‘कर शून्य’ असे तितक्याच आत्मविश्वासाने सांगेल.

दुसरे उदाहरण शेअरचे. पगार ९ लाख आणि सूचिबद्ध शेअरमधला अल्पकालीन नफा ४० हजार असेल, तरी त्या नफ्यावर २० टक्के दराने, उपकरासह ८ हजार ३२० रुपये कर भरावाच लागतो. विशेष दराने कर लागणाऱ्या अशा उत्पन्नाला ‘८७ अ’ची सवलत मिळत नाही. घरभाडे, शिकवणीचे पैसे, फावल्या वेळेतले काम यांतले बरेचसे उत्पन्न तर एआयएसमध्ये दिसतही नाही. ते करदात्यानेच नोंदवायचे असते.

सीएला फी द्यावी ती कशासाठी?

अर्ज भरण्यापेक्षा निर्णयासाठी. जुनी सदनिका विकणाऱ्याचेच पाहा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली मालमत्ता विकताना निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के किंवा तो घेऊन २० टक्के, यांतल्या कमी कराचा पर्याय मिळतो. नवे घर घेतल्यास किंवा ठरावीक रोख्यांत पैसे गुंतवल्यास आणखी सवलत मिळते. पण तिच्या मुदती काटेकोर असतात. हा सल्ला विक्रीपूर्वी घेतला तर उपयोगाचा. विवरणपत्र भरताना बराच उशीर झालेला असतो.

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत परदेशी पालक कंपनीचे शेअर मिळणारे कर्मचारी बरेच आहेत. असे शेअर नावावर असतील तर ‘सहज’ अर्ज चालतच नाही. परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्यांचा तपशील द्यावा लागतो आणि तोही आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे, तर कॅलेंडर वर्षाप्रमाणे. फ्युचर्स-ऑप्शन्समधले व्यवहार व्यवसायाचे उत्पन्न ठरतात. त्यांचा तोटा दाखवला नाही, तर पुढच्या वर्षांत तो वजा करण्याचा हक्क जातो. स्वतंत्र व्यावसायिक, अनिवासी भारतीय, वारसाहक्काने मालमत्ता मिळालेले यांचीही गणिते अशीच गुंतागुंतीची. येथे जाणकाराची फी बहुतेकदा वसूल होते.

एजंटकडे धोका काय?

१४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात दीडशेहून अधिक ठिकाणी पडताळणी मोहीम राबवली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्या मध्यस्थांचे जाळे हे तिचे लक्ष्य होते. घरभाडे भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, आरोग्य विमा, शैक्षणिक कर्ज अशा सदरांखाली हे दावे केलेले होते. विभागाने आधीच्या कारवायांत पुरावे सापडलेल्या राज्यांची जी नावे दिली, त्यांत महाराष्ट्रही होता. गुंतलेल्यांत बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी संस्था आणि शिक्षण संस्थांमधले कर्मचारी होते.

यातली एक पद्धत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. काही मध्यस्थांनी केवळ ढीगभर विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते तयार केले आणि नंतर ते सोडून दिले. त्यामुळे विभागाच्या नोटिसा कोणी वाचल्याच नाहीत. रिफंड मिळाला, एजंटने आपला हिस्सा घेतला. ज्याच्या नावावर पॅन आहे, त्याला मात्र कशाचाच पत्ता नाही. विभागाच्या सूचनांनंतर आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

रिफंडच्या टक्क्यांत फी मागणे ही म्हणूनच धोक्याची खूण समजावी. सनदी लेखापालांना तर निकालावर किंवा टक्केवारीवर ठरणारी फी घेण्यास त्यांच्याच कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. ज्याची कमाई रिफंडच्या आकाराबरोबर वाढते, तो तो आकडा फुगवण्याच्याच प्रयत्नात राहणार.

चूक झालीच तर?

उत्पन्न जाणूनबुजून चुकीचे दाखवले तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो आणि खटल्याचीही तरतूद आहे. ‘एजंटने भरले, मला माहीत नव्हते’ हा बचाव सहसा टिकत नाही. मात्र चूक स्वतःहून सुधारण्याचा मार्ग खुला आहे. मुदतीत सुधारित विवरणपत्र देता येते. ती मुदत गेल्यावर ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरता येते. २०२५ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिने केली. जितका उशीर तितका अतिरिक्त कर जास्त. तो थकीत कर व व्याजाच्या २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जातो. जास्तीचा रिफंड मिळवण्यासाठी मात्र हे विवरणपत्र वापरता येत नाही.

निवड कशी करावी?

केवळ पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज असणाऱ्यांनी पोर्टलवर स्वतः भरावे. शेअर-म्युच्युअल फंडांचे व्यवहार बरेच असतील आणि ब्रोकरकडचे अहवाल जुळवायचे असतील, तर नोंदणीकृत ॲपची फी रास्त ठरू शकते. घर विकले, परदेशी शेअर मिळाले, व्यवसाय सुरू केला किंवा नोटीस आली, तर सीए गाठावा. हे उत्तर दरवर्षी एकच असेल असेही नाही. गेल्या वर्षी स्वतः भरणाऱ्याला यंदा सल्ल्याची गरज पडू शकते, तसेच उलटही होऊ शकते.

काम कोणाकडेही दिले, तरी पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच हवा. सादर करण्यापूर्वी मसुदा मागून घ्यावा आणि प्रत्येक वजावटीसमोर आपल्याकडे कागद आहे का, ते पाहावे. जुनी आणि नवी करप्रणाली यांतला फरक आकड्यांत विचारावा. पासवर्ड दिलाच असेल तर काम झाल्यावर बदलावा. ३० दिवसांत ई-पडताळणी झाली की नाही, हे स्वतः तपासावे. पडताळणीविना विवरणपत्र भरल्यासारखे होतच नाही.

जबाबदारी सरकारचीही आहे. पगारदाराची बहुतेक माहिती विभागाकडे आधीच असते. तरीही कलमांची भाषा आणि दोन करप्रणालींचा गोंधळ यांमुळे साधे विवरणपत्रही अनेकांना धास्तावते. त्या धास्तीवरच एजंटांचा धंदा चालतो. खोट्या दाव्यांवर धाडी घालणे आवश्यकच आहे. पण ज्याला एकच फॉर्म १६ आहे, त्याला कोणाच्याही मदतीविना विवरणपत्र वाचून समजावे इतके ते सोपे केले, तर एजंटांकडे जाणारी वाट आपोआप ओस पडेल.