सूक्ष्म कणांचा स्थूल हिशेब

सनस्क्रीन, रंग, रबर अशा अनेक मालांत आता झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण असतात. वापरानंतर ते पाण्यात आणि मातीत गेले की काय करतात, यावर बरीच चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र हे कण तयार होताना कारखान्यातून काय बाहेर पडते, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. धोरणासाठी आज तोच प्रश्न अधिक निकडीचा आहे, असे आम्हाला वाटते.

झिंक ऑक्साइडचेच घ्या. ओल्या पद्धतीत झिंक नायट्रेटच्या द्रावणात कॉस्टिक सोडा घालून साका बसवतात, तो धुतात, वाळवतात, भाजतात. तापमान कमी लागते, कणांचा आकार हवा तसा राखता येतो आणि छोट्या उद्योजकाला भांडवल झेपते. ही बाजू खरीच आहे. परंतु या रासायनिक क्रियेत एक किलो झिंक ऑक्साइडमागे सुमारे दोन किलो सोडियम नायट्रेट तयार होते आणि ते धुण्याच्या पाण्यातून वाहून जाते. कण जितके बारीक, तितके ते गाळायला अवघड.

कोरड्या पद्धतीत जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ हवेत जळून ऑक्साइड होते. सांडपाणी जवळजवळ नसतेच. दुसरीकडे, भट्टीला इंधन लागते आणि भुकटी हाताळणाऱ्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न उभा राहतो. टायटॅनियम डायऑक्साइडबाबत अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने 2011 मध्ये कामाच्या जागेतील हवेसाठी मर्यादा सुचवल्या: बारीक भुकटीसाठी घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म कणांसाठी 0.3. पदार्थ तोच, मर्यादा आठपट कडक. म्हणजे एक पद्धत नदीवर भार टाकते, दुसरी कामगारावर आणि इंधनावर. कोणती बरी, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही.

यावर तोडगा म्हणून ‘हरित’ पद्धतीचे नाव पुढे येते. कडुलिंबाच्या किंवा तुळशीच्या अर्काने नॅनोकण बनवण्याचे प्रयोग आपल्या महाविद्यालयांत बरेच होतात. अर्कामुळे काही घातक रसायने टळतात, हे मान्य. तथापि त्यातही जस्त बहुधा नायट्रेटसारख्या क्षारातूनच येते आणि भाजताना नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत सुटतात. टायटॅनियमची कथाही वेगळी नाही. सोल-जेल पद्धतीत वापरले जाणारे टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड मुळात टायटॅनियम टेट्राक्लोराइडपासून, म्हणजे क्लोरीन खर्चूनच, बनते. शोधनिबंधाच्या शीर्षकात मात्र तुळसच असते.

नव्या नियमांची गरज नाही, आहेत ते पुरे, ही भूमिका हलक्यात काढण्यासारखी नाही. नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी आपल्याकडे लिटरला जस्ताची 5 आणि नायट्रेट नायट्रोजनची 10 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहेच. शिवाय 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना गोड्या पाण्यातील शैवालावर नॅनो आणि साध्या झिंक ऑक्साइडचा अपाय सारखाच आढळला. तो विरघळलेल्या जस्ताचा होता. मग आकार वेगळा का मोजायचा? जस्तापुरता हा युक्तिवाद वजनदार आहे. टायटॅनियम आणि सीरियमचे ऑक्साइड मात्र पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. सांडपाणी प्रक्रियेत त्यांचे कण बहुतांशी गाळात बसतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात पडला की जमिनीत जातात.

पण म्हणून सरसकट बंदी हाही उपाय नव्हे. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेला, पाण्यातून आर्सेनिक काढणारा पदार्थ लोहयुक्त नॅनोकणांवरच आधारलेला आहे. आकारावर बंदी आली तर तोही जाईल.

आमचा कल सक्तीच्या नोंदीकडे आहे. केंद्र सरकारच्या नॅनो मिशनने 2016 मध्ये सुरक्षित हाताळणीची मार्गदर्शक तत्त्वे दिली, पण ती कायदा नव्हेत. फ्रान्समध्ये 2013 पासून वर्षाला 100 ग्रॅमपासून पुढच्या उत्पादनाची नोंद बंधनकारक आहे. नोंदीने प्रदूषण थांबत नाही, लहान उद्योगांवर कागदपत्रांचे ओझे पडते आणि व्यावसायिक गुपिते फुटण्याची भीती असते, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही कणांवरील लेपाची कृती गुप्त ठेवता येते. एक किलो मालामागे किती क्षार, पाणी आणि इंधन लागले, यात गुपित फारसे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीपत्र मागताना एवढा ताळेबंद जोडायला लावणे अवाजवी नाही. नोंदीची मर्यादा मात्र खुशाल वादात घ्यावी. 100 ग्रॅम म्हटले तर प्रयोगशाळाही अडकतील, आणि युरोपच्या रसायनांसाठीच्या रीच नियमांसारखी वर्षाला एक टनाची अट घातली तर छोटे कारखाने निसटतील. आम्हाला काही किलोंचा आकडा सयुक्तिक वाटतो.