झोप मोडते, दोष कुणाचा?

रात्री अडीचला डोळा उघडतो. किती वाजले बघायचं म्हणून मोबाइल उचलतो आणि पाऊण तास तो हातातून सुटत नाही. मग फज्र हुकते, कॉलेजात डुलक्या येतात आणि घरचे म्हणतात, "पोरगं आळशी झालंय."

मित्रांनो, रात्री जाग येणं हा आजार नाही. झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांत चालते. फेरी संपताना ती उथळ होते, त्यामुळे क्षणभर जाग सगळ्यांनाच येते. पुन्हा झोप लागली नाही, तर कारण शोधावं. चहातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं. त्यामुळे इशानंतर हॉटेलात घेतलेला कट मध्यरात्रीही छळतो. तंबाखू, मावाही तसाच.

पण सगळा दोष आपल्या सवयींचा नाही. मंद्रूपसारख्या गावात शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रपाळी लागली की बाप-लेक बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला रानात जातात. साप-विंचवाची भीती वेगळीच. अशा शेतकऱ्याला 'लवकर झोपा' सांगून काय उपयोग? दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०२३ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' आणली. आपल्या फीडरचं काय झालं, हे तरुणांनी ग्रामसभेत विचारलं पाहिजे. झोप हाही नागरी प्रश्न आहे.

आवाजाचंही तेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला सहसा मनाई आहे. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नियम मिरवणुकीला आहे, तसाच जुलूसला आणि आपल्या घरच्या वलीम्याच्या डीजेलाही. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला डीजे बंद करू. शेजारी आजारी म्हातारी आणि तान्हं बाळही असतं.

घरी एवढं करा: उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. मोबाइल उशाशी नको. वीसेक मिनिटं झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात शांत बसा. दुपारी डुलकी हवीच असेल तर २० मिनिटं पुरे. अब्बा जोरात घोरताना त्यांचा श्वास अडकत असेल, किंवा अम्मी तहान आणि लघवीसाठी वारंवार उठत असेल, तर "वय झालं" म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या, साखर तपासा.

आपली झोप सांभाळू आणि दुसऱ्याची मोडणार नाही, एवढं तरी ठरवू.