किल्ली खुंटीला राहू द्या

आपल्या नगर जिल्ह्यात गाडीशिवाय घराचं पान हलत नाही. वस्तीवरून डेअरीला दूध घालायचं, पोरं शाळेत सोडायची, कांदा घोडेगावला न्यायचा, म्हातारीला दवाखान्यात दाखवायचं, सगळं दोन नाहीतर चार चाकांवर. ज्याला फिट येते त्याला ‘आता गाडी चालवू नको’ असं सांगून डॉक्टर मोकळे होतात. त्यानं घर कसं चालवायचं हे कोणी सांगत नाही. मी स्वतः फिटचा पेशंट आहे, चौदा वर्षं गोळी घेतो आणि त्याआधी पिकअप चालवत होतो. म्हणून हे लिहितोय.

मला दुसऱ्यांदा फिट आली ती एका ढाब्यावर, चहाला थांबलो होतो तेव्हा. शुद्धीवर आलो तर बाजेवर होतो, नाकाशी कोणाची तरी चप्पल होती आणि जीभ चावलेली. गाडी बाहेर उभी होती, कांद्यानं भरलेली. दहा मिनिटं आधी मी करंजी घाट उतरत होतो. पुढच्या कित्येक रात्री मला त्या घाटातली वळणंच दिसत होती, आणि समोरून येणारी मोटरसायकल, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये लेकरू. ती मोटरसायकल खरोखर आली होती का, मला आठवत नाही. आली असणारच.

गाडी पुन्हा धरावी की नाही, हे ठरवताना आपण स्वतःला विचारतो, ‘मला जमेल का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ताशी ६० किलोमीटरनं चाललेली गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. पाच सेकंद भान हरपलं तर ८० मीटरहून जास्त अंतर गाडी एकटीच गेली. तेवढ्यात एसटीचा थांबा येतो, शाळा येते, गळिताच्या हंगामात पाठीमागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली येते. आपला जीव आपला म्हणून पणाला लावू, पण थांब्यावरच्या माणसाला कोणी विचारलं होतं?

आणि फिट म्हणजे फक्त हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं नव्हे. काहींना नुसती टक लागते. बोलता बोलता माणूस थांबतो, ओठ चावल्यासारखे करतो, हातानं सदऱ्याशी चाळा करतो आणि पुन्हा बोलायला लागतो. घरचे म्हणतात, ‘विचारात असेल.’ हीसुद्धा फिटच. ती मोजली नाही आणि ‘दोन वर्षांत फिट नाही’ असं डॉक्टरांना सांगितलं, तर आपण डॉक्टरांना फसवत नाही, स्वतःला फसवतो. तिची खबर आपल्याला नसते, बायकोला असते, आईला असते. म्हणून दवाखान्यात एकटे जाऊ नका. घरातलं पाहणारं माणूस सोबत न्या आणि त्याला बोलू द्या.

कायद्याचं स्पष्ट सांगतो, कारण यात लपवाछपवी फार चालते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. शिकाऊ परवान्यासाठी जो नमुना १ भरून द्यावा लागतो, त्यात अपस्मार (म्हणजे फिट), अचानक बेशुद्धी किंवा चक्कर येते का हे सरळ विचारलेलं आहे. चाळिशीनंतर आणि व्यावसायिक परवान्याला डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं. शरीर वा मन गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही हे माहीत असून चालवली तर कलम १८६ खाली दंड आहे. तो दंड हजार-दोन हजारांचा, त्याची भीती कोणाला वाटणार? पण अपघातानंतर कागद उघडले जातात. ‘नाही’ या रकान्यात आपण केलेली खूण तेव्हा पोलिसांपुढे आणि विमा कंपनीपुढे येते.

आपल्या कायद्यात एक मोठी उणीव आहे. इंग्लंडात नियम असा की साधारण १२ महिने फिट आली नाही तर मोटार चालवता येते. ट्रक आणि बससाठी १० वर्षं फिट नको आणि गोळीही नको. झोपेतच फिट येणाऱ्यांचा विचार तिथे वेगळा होतो. अमेरिकेत राज्याराज्यांचा नियम निराळा, पण बऱ्याच राज्यांत ठरलेली मुदत असते. आपल्याकडे अशी मुदतच नाही. पाच वर्षांत एकदाही फिट न आलेला आणि गेल्या महिन्यात पडलेला, दोघांना एकच प्रश्न. मग खरं बोलणाऱ्याचा परवाना अडतो आणि खोटं बोलणारा घेऊन जातो. हे बदललं पाहिजे. बदलू शकतं. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्नाच्या आड येणारं कारण होतं, ते १९९९ साली काढलं गेलं. तेव्हा डॉक्टर आणि पेशंट बोलले म्हणून झालं, आताही बोलावं लागेल.

तोवर काय करायचं? माझं मत असं. फिट आली त्या दिवसापासून किमान एक वर्ष किल्ली खुंटीला. एक वही करा, तारीख लिहा, गोळी घेतली का लिहा, झोप किती झाली लिहा. गोळी बदलली किंवा कमी केली की डॉक्टरांना वेगळं विचारा, कारण तो काळ नाजूक असतो. वर्ष नीट गेलं तर ती वही घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, त्यांचं लेखी मत घ्या आणि तेच आरटीओपुढे ठेवा, मग एमएच १६ असो की एमएच १७. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. खोटी खूण करून मिळवलेला परवाना घेऊ नका.

ट्रॅक्टर-ट्रॉली, स्कूल व्हॅन, मजुरांची पिकअप, टँकर यांच्याबाबत मात्र वर्षाचाही हिशोब नको. ते काम सोडा. मी सोडलं. पिकअप विकली त्या दिवशी मी जेवलो नाही, पण विकली. मोटरसायकलही ‘गावातल्या गावात’ म्हणून सुटत नाही. गावातल्या गावातच आपली पोरं खेळत असतात.

आता नगरकरांसाठी खास. फिटची गोळी चालू असूनही फिट येते, त्याची कारणं बऱ्याचदा घरातलीच असतात: चुकलेली गोळी, ताप, दारू आणि जागरण. आपल्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री येते. रात्रभर दारं धरायची आणि सकाळी सहाला दुधाच्या कॅन लावून गाडीवर बसायचं, हे फिटवाल्या माणसाला घातक आहे, मग वर्षभर त्याला काही झालेलं नसो. पाणी भरायची पाळी दुसऱ्याला द्या, आणि रात्री एकट्यानं विहिरीच्या कडेला जाऊ नका. नवरात्रात मोहट्याला चालत जाणारे, नऊ दिवसांचे उपास धरणारे गोळी बंद करतात. देवीला गोळीचा विटाळ नाही. उपासाला गोळी चालते, पाण्याबरोबर घ्या. चांगलं वाटतंय म्हणून परस्पर गोळी सोडणारे तर मी डझनभर पाहिलेत. गोळ्या नीट घेतल्या तर दहातल्या सात जणांपर्यंत फिट थांबू शकते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सात जण गोळी घेणारे आहेत, विसरू नका.

लोणी आणि विळद घाट इथे मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत, तिथे चौकशी करा. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ हा फिटच्या पेशंटांचा स्वमदत गट उभा केला आहे. आपल्यासारख्या चार माणसांत बसून बोललं की छातीवरचा दगड हलतो, एवढं अनुभवानं सांगतो.

शेवटचं घरच्यांना. किल्ली सोडणाऱ्याला दिवसातून चार वेळा ‘मला सोडतोस का?’ म्हणावं लागतं. पहिला महिना सगळे सोडतात. तिसऱ्या महिन्यात पुतण्याच्या कपाळावर आठी येते, आणि ती आठी पाहूनच माणूस पुन्हा गुपचूप गाडी काढतो. मी काढली होती, दोनदा. म्हणून भावांनो, वहिनींनो, त्याला मागायला लावू नका. डेअरीची वेळ ठरलेली असते, गावच्या बाजाराचा वार घरात सगळ्यांना माहीत असतो. त्या दिवशी सकाळी त्यानं विचारायच्या आधी गाडी काढा आणि हाक मारा.