पाहुणे आणि वीस विकेट्स

विदर्भाने रणजी करंडक तीन वेळा जिंकला. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. तिन्ही वेळा पेढे वाटून झाल्यावर एक वाक्य मला हमखास ऐकावं लागलं. मुंबई-पुण्याचे मित्र ते जरा साखरेत घोळून म्हणतात, "छान खेळले रे, पण टीम बाहेरच्यांचीच ना?" आमचे नागपूरकर तेवढेही कष्ट घेत नाहीत. "अबे, जाफर नसता तं काय होतं तुमचं?" (इथे 'तुमचं' हा शब्द बघा. हरलो की 'आपली' टीम, जिंकलो की 'तुमची'.)

या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. कंटाळा आला म्हणून ते खोटं ठरत नाही, हे मान्य. म्हणून भावना बाजूला ठेवून सरळ धावफलक मांडून बसायचं ठरवलं. मी काही संख्याशास्त्रज्ञ नाही. बेरीज, वजाबाकी, भागाकार एवढंच माझं भांडवल. पण या वादाला तेवढं पुरतं.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू, नाहीतर वाद घालण्यात मजा नाही. 'पाहुणा' म्हणजे कोण? नुसतं जन्मगाव बघून चालणार नाही, आपल्या अर्ध्या नागपूरचं जन्मगाव कुठलं तरी दुसरंच आहे. माझी व्याख्या अशी: जो दुसऱ्या राज्याकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळून नाव कमावून मग विदर्भात आला, तो पाहुणा. वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश आणि करुण नायर कर्नाटकचे, ध्रुव शोरी दिल्लीचा. हे पाहुणे. बीसीसीआयच्या नियमातच अशा खेळाडूंना जागा आहे, त्यामुळे यात चोरीछुपे काही नाही. पाहुणे आले, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच, की करंडक त्यांनी आणला का?

आता या यादीकडे पुन्हा एकदा नीट बघा. काही जाणवतं का? चारही जण फलंदाज आहेत.

चार दिवसांचा सामना निकाली जिंकायचा तर समोरच्याच्या वीस विकेट्स काढाव्या लागतात. तुम्ही ८०० धावा करा (विदर्भाने मार्च २०१८ च्या इराणी करंडकात ७ बाद ८०० केल्याही होत्या, त्यात जाफरच्या २८६), पण वीस विकेट्स निघाल्या नाहीत तर सामना अनिर्णित. म्हणजे हिशोब धावांपासून नाही, विकेट्सपासून सुरू करायला हवा. आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

तर करू. पहिला अंतिम सामना, इंदूर, दिल्लीविरुद्ध. २९ डिसेंबर २०१७ ला सुरू झालेला सामना नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संपला. दिल्लीच्या वीस विकेट्स निघाल्या. रजनीश गुरबानीने ८ घेतल्या, त्यात पहिल्या डावातली हॅटट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती इतिहासातली फक्त दुसरी हॅटट्रिक. बाकीच्या विकेट्स अक्षय वखरे, आदित्य सरवटे, सिद्धेश नेरळ आणि आदित्य ठाकरे यांच्या.

दुसरा अंतिम सामना, आपल्याच जामठ्याला, फेब्रुवारी २०१९, सौराष्ट्राविरुद्ध. वीस विकेट्स. सरवटे ११, वखरे ७, उमेश यादव २. चेतेश्वर पुजारासारखा माणूस दोन डावांत मिळून १ धाव करून परतला, दोन्ही वेळा सरवटेला विकेट देऊन.

तिसरा, पुन्हा जामठा, मार्च २०२५ ला संपलेला, केरळविरुद्ध. सामना अनिर्णित राहिला, करंडक मिळाला तो पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. म्हणजे इथे दहाच विकेट्स. दर्शन नळकांडे ३, हर्ष दुबे ३, पार्थ रेखाडे ३, यश ठाकूर १.

बेरीज करा. तीन अंतिम सामने, पन्नास विकेट्स. पाहुण्या गोलंदाजांच्या किती? शून्य.

त्या तिसऱ्या सामन्यात केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला आणि सामना फिरला. झेल करुण नायरचा, गोलंदाज रेखाडे. विदर्भाच्या संघात पाहुण्यांचं स्थान काय, हे समजायला मला तो एक झेल पुरेसा वाटतो. त्यांनी मोलाची मदत केली. पण गळाला मासा लावणारा घरचा होता.

"बरं, विकेट्स घरच्यांच्या. धावा तर पाहुण्यांच्याच ना?" तेही बघू. २०१७-१८ च्या मोसमात विदर्भाकडून सगळ्यात जास्त धावा काढल्या कर्णधार फैज फझलने, ९१२. अंतिम सामन्यात विदर्भाच्या ५४७ पैकी १३३ अक्षय वाडकरच्या, सरवटेच्या ७९, नेरळच्या ७४. जाफरच्या ७८. २०२४-२५ मध्ये संपूर्ण देशात सर्वाधिक धावा यश राठोडच्या, ९६०. करुण नायर ८६३. अंतिम सामन्यात दोन्ही डाव मिळून विदर्भाच्या ७५४ धावा झाल्या, त्यातल्या नायरच्या २२१. शंभरातल्या साधारण २९. पदार्पणाच्याच मोसमात खेळणाऱ्या दानिश मालेवारच्या २२६.

मधला २०१८-१९ चा मोसम मात्र माझ्या विरुद्ध जातो, आणि तो लपवायचं कारण नाही. त्या वर्षी जाफरने चाळिशीत पोचताना १०३७ धावा काढल्या. त्याच्याशिवाय तो मोसम कसा गेला असता, कुणास ठाऊक. शिवाय काही गोष्टी धावफलकात मावतच नाहीत. २०२५ च्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी अवस्था असताना मालेवार आणि नायरने २१५ धावांची भागीदारी केली. पलीकडच्या टोकाला अनुभवी माणूस उभा असण्याने नवख्या पोराच्या पोटातला गोळा किती कमी होतो, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? तेव्हा पाहुण्यांचे आभार, अगदी मनापासून. पण आभार मानणं वेगळं आणि सातबारा त्यांच्या नावावर करून देणं वेगळं.

धावांच्या आकड्यांनी डोळे कसे दिपतात, याचा एक मासला देतो. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्याआधी करुण नायरची सरासरी होती ७५२. होय, सातशे बावन्न. खेळी अफाटच होती, पाच शतकं. पण ७५२ हा आकडा आला कुठून? सरासरी काढताना धावांना भागतात ते डावांनी नाही, बाद होण्याच्या संख्येने. तो तोवर एकदाच बाद झाला होता, म्हणून ७५२ भागिले १. अंतिम सामन्यात २७ वर बाद झाला आणि सरासरी एका फटक्यात ३८९.५० वर आली. सत्तावीस धावा करून सरासरी निम्मी! याच न्यायाने आपल्या फैज फझलची एकदिवसीय सरासरी काढायला गेलात तर ती निघतच नाही. तो भारतासाठी एकच सामना खेळला, २०१६ मध्ये हरारेला, आणि नाबाद ५५ वर परतला. पुन्हा संधी नाही. शून्याने भागायचं कसं?

आणि त्या ७५२ सरासरीच्या स्पर्धेचं शेवटी काय झालं? अंतिम सामन्यात कर्नाटकाने आपल्याविरुद्ध पन्नास षटकांत ३४८ धावा कुटल्या आणि आपण ३६ धावांनी हरलो. गोलंदाजांचा दिवस वाईट गेला, करंडक गेला. (उलटंही घडतं. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईच्या वीसही विकेट्स काढून आपण हरलो, कारण पहिल्या डावात १०५ मध्ये गुंडाळले गेलो. वीस विकेट्स पुरेशा नसतात. पण त्यांच्यावाचून भागतही नाही.)

आता पुढचा आक्षेप, 'घरच्या खेळपट्टीवर जिंकता.' २०२४-२५ मध्ये उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने नागपुरात झाले, हे खरं. पण २०१७-१८ चे तीन सामने आठवा. सुरत, कोलकाता, इंदूर. एकही घरी नाही. कोलकात्याला कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या, ते १९२ वर आटोपले, गुरबानीच्या सामन्यात १२ विकेट्स. पुढच्या वर्षीचा उपांत्य सामना तर केरळच्याच घरात, वायनाडला. उमेशने १२ विकेट्स काढून केरळला १०६ आणि ९१ मध्ये संपवलं. वलनीच्या कोळसा खाण कामगाराच्या त्या मुलाला वायनाडची खेळपट्टी कुणी जामठ्याहून ट्रकमध्ये घालून पाठवली नव्हती.

शेवटचा आक्षेप प्रशिक्षकाचा. 'सगळी करामत चंद्रकांत पंडितांची.' पंडितांचं ऋण मोठं आहे, त्यांनी पुढे २०२२ मध्ये मध्य प्रदेशलाही रणजी जिंकून दिली. पण ते २०२० मध्ये गेले. त्यानंतर विदर्भ २०२४ ला अंतिम फेरीत पोचला आणि २०२५ ला एकही सामना न हरता जिंकला, तो विदर्भाचाच जुना खेळाडू उस्मान घनी प्रशिक्षक असताना. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ विकेट्स घेतल्या. रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. आधीचा ६८ चा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, तो कमी सामन्यांत झाला होता, पण नव्याने आलेल्या दुबळ्या संघांविरुद्ध. दुबेच्या ६९ मध्ये तमिळनाडू, मुंबई आणि केरळ आहेत.

एवढं सगळं मांडून मला नुसता वाद जिंकायचा नाहीये. मला जे खुपतं ते वेगळंच आहे.

'बाहेरच्यांची टीम' हे वाक्य आपण इतकं घोकलं आहे, की आपल्याला फक्त येणारे दिसतात. जाणारे दिसतच नाहीत. जाफर आला, नायर आला, यावर आपण पानठेल्यावर किती बोललो! पण २०१९ चा अंतिम सामना ज्याने ११ विकेट्स काढून जिंकून दिला, तो आदित्य सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याच जामठ्याच्या मैदानात होता आणि केरळकडून खेळत होता. ७९ धावा केल्या, दुसऱ्या डावात चार विकेट्सही घेतल्या, सगळं आपल्याविरुद्ध. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे. त्यांची त्यांची कारणं असतील, त्यात मला शिरायचं नाही. पण आपल्यापैकी किती जणांना याची रुखरुख लागली? 'पाहुण्यांमुळे जिंकतो' असं एकदा मनाशी ठरवलं, की घरचा गेल्याने काही बिघडत नाही असं आपोआपच वाटायला लागतं. एक चुकीचा हिशोब दुसऱ्या तोट्याकडे डोळेझाक करायला शिकवतो, तो असा.

१९५७-५८ मध्ये विदर्भ रणजीत उतरला. पहिला करंडक यायला साठ वर्षं लागली. त्या साठ वर्षांत आपण हरायचो तेव्हा कुणी पाहुण्यांचं नाव घेत नव्हतं, ती हार शुद्ध वैदर्भीय असायची. अनुशेषाची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की हक्काचं काही पदरात पडलं तरी ते उसनं असल्यासारखं वाटतं.

करुण नायर २०२५ मध्ये कर्नाटकला परत गेला. तो नसताना ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक घेतला. पहिल्या डावात अकोल्याच्या अथर्व तायडेच्या १४३, यश राठोडच्या ९१. आणि शेष भारताच्या वीसही विकेट्स निघाल्या.

तेव्हा यापुढे कुणी 'जाफर नसता तर?' विचारलं, तर जरूर उत्तर द्या. पण सोबत 'सरवटे नसता तर?' हेही विचारा. बघू किती जणांकडे उत्तर आहे ते.